पिवळं फडकं

पारनेरच्या स्टँडजवळ मोबाईल दुरुस्त करणाऱ्या त्या माणसाचं नाव मी विचारलंच नाही. डॉक्टर मोबाईलवर रिपोर्ट पाठवणार होते आणि त्याच सकाळी माझा फोन पडून स्क्रीन काळी झाली. गळ्याजवळच्या गाठीचं मी घरी कुणालाच बोलले नव्हते.

त्याने कडेला गरम हवा दिली, पातळ पट्टी सरकवली आणि दुधावरची साय उचलावी तशी स्क्रीन उचलली. कागदावर त्याने फोनचं चित्र काढलं होतं. निघेल तो स्क्रू त्या चित्रात जागच्या जागी ठेवत होता.

नवी स्क्रीन उजळली आणि मेसेज येऊन पडू लागले. त्यासरशी त्याने फोनवर पिवळं फडकं टाकलं, फोन माझ्याकडे सरकवला.

"ताई, टच चालतोय का तुमीच बघा."

"तुम्ही नाही बघत?"

"मी शिंगणापूरचा. आमच्या घराला दार न्हाई. उघडं दिसलं की मान वळवायची, ही सवय ल्हानपनापास्नं हाय."

आणि तो खरंच पाठ करून बसला.

मी रिपोर्ट वाचला. परत वाचला.

"चालतोय का?" त्याने न वळताच विचारलं.

"चालतोय," मी म्हणाले. आणि घरीही न बोललेलं त्याच्या पाठीला सांगून टाकलं, "दादा, माझी गाठ साधी निघाली हो."