सत्त्याहत्तरवर अडलेलं वजन

धाकट्या भावाला किडनी द्यायची ठरली तेव्हा मला वाटलं होतं, अवघड काय असेल तर ते ऑपरेशन. रक्तगट जुळला, बाकीच्या तपासण्या जुळल्या, कागदपत्रं झाली, नवऱ्यानेही फार विचार न करता हो म्हटलं. भावजयीचं जुळलं नव्हतं, आईचं वय निघून गेलेलं, म्हणजे घरात मी एकटीच उरले होते. आणि मी अडले ती काट्यावर. डॉक्टर म्हणाले, तुमचं वजन शहाऐंशी आहे, तुमच्या उंचीला हे फार होतं. बहात्तरच्या आत या, मग पुढचं बोलू. तुम्हालाही नंतर एकाच किडनीवर जगायचंय. दैव देतं आणि कर्म नेतं म्हणतात, ते कर्म माझ्या कमरेभोवती गेली वीस वर्षं साचत होतं.

भाऊ पाचोडला असतो. घराला लागूनच बी-बियाणं आणि खतांचं दुकान आहे त्याचं. आठवड्यातून दोनदा तो डायलिसिससाठी शहरात येतो आणि ते झालं की दुपारी तिथेच माझ्याकडे गारखेड्याला येऊन पडतो. येताना चेहरा सुजलेला असतो, जाताना उतरलेला. त्याला दिवसाला मोजून पाणी. मी त्याच्यासमोर तांब्या तोंडाला लावायचं केव्हाच सोडून दिलंय, स्वयंपाकघरात जाऊन पिते.

त्या मशीनवर चढायच्या आधी त्याचं वजन करतात आणि उतरल्यावर परत करतात. अंगात साठलेलं पाणी काढून टाकलं की चार तासांत त्याचं अडीच किलो उतरतं. मी महिनाभर भाकरी अर्धी करून, साखर सोडून, सकाळी क्रीडा संकुलाच्या मैदानावर चालून जे उतरवायची, ते हा पठ्ठ्या झोपल्या झोपल्या उतरवायचा. एकदा म्हणाला, आपण काटे बदलून घेऊ. मी हसले.

सुरुवातीला मात्र माझंही झरझर उतरलं. पहिल्या आठवड्यात दोन किलो, पुढच्यात दीड. दर शनिवारी सकाळी मी काट्यावर उभी राहायची आणि लगेच त्याला फोन करायची. तो दुकानाचं शटर उघडत असायचा. आकडा ऐकला की पलीकडे जो आवाज यायचा त्यासाठी मी आठवडाभर उपाशी राहायला तयार होते. चौऱ्याऐंशी, साडेब्याऐंशी, एक्क्याऐंशी. शाळेत स्टाफरूममध्ये बायका म्हणायला लागल्या, काय मॅडम, कसली जादू केली? मी कुणाला कारण सांगितलं नव्हतं. पोरीचं लग्न काढलंय का, एवढंच विचारायच्या राहिल्या होत्या.

मग उतार मंदावला. आठवड्याला किलो, मग अर्धा, मग पाव. मी काही बदललं नव्हतं. तेच मोजून खाणं, तेच चालणं. फक्त शरीर शहाणं झालं होतं आणि मिळेल तेवढ्यात भागवायला शिकलं होतं. मी काट्यावरच संशय घेतला. हॉलमधून उचलून तो बेडरूममध्ये नेला, तिथून देवघराच्या पुढ्यात. बांगड्या काढल्या, मंगळसूत्र काढलं, एकदा तर केस कापायचा विचार केला. नवरा दारात उभा राहून म्हणाला, फरशी बदलून वजन उतरत असतं तर मिस्त्र्याला डॉक्टर म्हटलं असतं. एरवी मला आवडला असता त्याचा विनोद. त्या दिवशी मी चिडून काटा त्याच्याच पायाशी आपटला आणि बाथरूममध्ये जाऊन रडले.

भावाची आपली वेगळी समजूत. फोनवर मी पाव किलो सांगितलं की म्हणायचा, "कडता लाव की, आक्का. बाजारात व्यापारी क्विंटलमागं दोन किलो ओलीचे म्हणून कापतातच. तुझं बी ओलं वजन असंल." डॉक्टरांना कडता चालत नाही, मी म्हणायची. पण फोन ठेवल्यावर त्याचं ते खोटं खोटं हसणं दिवसभर कानात राहायचं. त्याला सांगायच्या आधी मी आकड्याची पूर्वतयारी करायला लागले. हवा कशी आहे, जेवलास का, आणि मग हळूच, थोडंसंच उतरलंय रे या खेपेला.

आईला हे सगळं कळत होतं. ती भावाजवळच राहते. एका शनिवारी तिने फोन त्याच्या हातातून घेतला आणि मला म्हणाली की नुसतं कमी खाऊन भागणार नाही, देवाला साकडं घाल. सोमवार धर महादेवाचा, गुरुवार धर. भावाला गुण येईल आणि तुझं अंगही हलकं होईल. तिचे स्वतःचे शनिवार आणि एकादशी चालूच होत्या. मला ते एकदम पटलं. देव आणि काटा दोघं एकाच उपवासात सांभाळले जाणार होते. मी वेरूळला जाऊन महादेवापुढे संकल्प सोडला, भाऊ बरा होईपर्यंत सोमवार-गुरुवार सोडणार नाही म्हणून.

आई माझ्या उपवासासाठी शेंगदाण्याचे लाडू करायची. घरचे दाणे, घरचा गूळ. लेकीने भावापायी पोट मारलंय, तिच्या अंगात ताकद तरी राहावी, एवढंच तिच्या मनात. तो डबा घेऊन यायचा भाऊच. त्याला शेंगदाणे बंद, गूळ बंद, बटाटा बंद. एस.टी.त दोन तास तो डबा मांडीवर धरून बसायचा आणि माझ्या ओट्यावर ठेवायचा. मी सोमवारी सकाळी दोन खायची, संध्याकाळी दोन.

सत्त्याहत्तरवर काटा थांबला. एक आठवडा, दुसरा, तिसरा. चौथ्याला साडेसत्त्याहत्तर दाखवलं. मी उतरून परत चढले. तेच. आठवड्यातले दोन दिवस कडक उपास आणि वजन वर. मला वाटलं, हे आता माझ्या हातातलं राहिलं नाही. मैदानावर चालताना माझ्या पुढून पोरी पळत जायच्या आणि मला त्यांचा राग यायचा, देवाचा राग यायचा, भावाचाही यायचा. बिड्या ओढल्या नाहीत, दारू प्याला नाही, तरी याच्याच किडन्या का गेल्या? आणि तो मशीनवर पडून माझ्या पोटाकडे आशेने बघत असणार, असंही मनात यायचं. असला विचार आल्याबरोबर मी आणखी दोन फेऱ्या मारायची.

शेवटी हॉस्पिटलमधल्या आहारतज्ज्ञ बाईंकडे गेले. तरुण मुलगी, बोलायला मऊ. काल दिवसभरात काय खाल्लं, तिने विचारलं. काल गुरुवार होता.

"काल काही खाल्लं नाही. उपवास होता," मी म्हणाले.

"काहीच नाही?"

"नाही हो. उपवास होता ना."

तिने पेन खाली ठेवलं आणि विचारलं की मग दिवसभरात तोंडात काय काय गेलं. मी बोटं मोजत सांगायला लागले. सकाळी दोन लाडू. दुपारी साबुदाण्याची खिचडी, जास्त नाही, एक प्लेट. तिच्यावर दही. चारला केळ आणि खजूर. रात्री भगर आणि दाण्याची आमटी, शिवाय बटाट्याचा कीस, कारण भगर कोरडी लागते. मध्येच माझी मोजणारी बोटं थांबली. चाळीस पोरांना गणित शिकवणारी बाई मी, आणि ही बेरीज मला आयुष्यात कधी करावीशी वाटली नव्हती. उपवासाचं खाल्लेलं ते खाणं नसतंच, आमच्या घरात असंच धरतात. एकादशी आणि दुप्पट खाशी, हे मी दुसऱ्यांना चिडवायला कितीदा म्हटलं होतं. ती मुलगी हसली नाही. बाकीच्या पाच दिवसांत तुम्ही जेवढं उतरवता तेवढं या दोन दिवसांत परत चढतं, म्हणाली. उपवास बंद करा. त्यानंतरही हळूहळूच उतरेल, आता पहिल्यासारखं उतरायचं नाही, पण उतरेल.

उपवास बंद करा म्हणणं तिला सोपं होतं. भावाच्या जिवासाठी बोललेला संकल्प भावाच्या जिवासाठीच मोडायचा होता. मी सायन्सची पदवीधर आहे, वर्गात अंधश्रद्धेवर धडा शिकवते, आणि त्या रात्री मला महादेवाची भीती वाटली. समजा मी सोमवारी भाकरी खाल्ली आणि मंगळवारी मशीनवर त्याचं काही बरंवाईट झालं, तर? नवरा म्हणाला, लाडू न खाता नुसत्या पाण्यावर धर. तसं एक सोमवार करून पाहिलं आणि पाचव्या तासाला फळ्यासमोर चक्कर येऊन बसले. इकडे आड आणि तिकडे विहीर, दुसरं काय.

रविवारी पाचोडला गेले आणि आईला सगळं सांगितलं. ती दारापुढच्या ओट्यावर बसून शेंगा फोडत होती, माझ्याच पुढच्या डब्यासाठी. ऐकून घेतलं तिने. हात थांबले नाहीत लवकर, मग थांबले.

"म्हंजी मी लाडू धाडले म्हणून तुझं वजन उतरंना, व्हय?"

मी म्हणाले, तसं नाही माय.

"आन् तुझं उतरंना म्हणून त्याला किडनी भेटंना."

मी पुन्हा तसं नाही म्हणाले, पण तिने मनात हिशेब लावून टाकला होता आणि मला तो खोडता येईना. तिला काय सांगणार होते, की तू प्रेमाने केलंस? ते तिला माहीतच होतं. सुपातले दाणे तिने परत पोत्यात ओतले. लुगड्याला हात पुसले. मला तिच्याजवळ सरकून बसायचं होतं, तेही जमलं नाही.

मग म्हणाली की संकल्प मोडायचा नसतो, पण दुसऱ्याला देता येतो. आत जाऊन तांब्या घेऊन आली. तिने ओंजळ पुढे केली आणि मला तिच्यात पाणी सोडायला लावलं. माझे सोमवार-गुरुवार तुला दिले, असं तोंडाने म्हणायला लावलं. मी म्हणाले. मला नको होतं ते. तिचं वजन जेमतेम चाळीस असेल, आणि आता आठवड्यातले तीन दिवस ती उपाशी, एकादशी वेगळी. जिच्या अंगावर चार दाणे चढायला हवेत तिने माझी उपासमार ओढून घेतली आणि जिने उतरवायचं ती मी जेवायला मोकळी झाले. भाऊ दारात उभा होता. तिच्या बोटांमधून गळलेलं पाणी जमिनीत जिरेपर्यंत तो त्याच्याकडे बघत होता.

पुढच्या सोमवारी मी अर्धी ज्वारीची भाकरी आणि मेथीची भाजी खाल्ली. त्या आठवड्यात पाऊण किलो उतरलं. नंतरच्या आठवड्यात थोडं. आणि मग परत शंभर ग्रॅम, पन्नास ग्रॅम, काहीच नाही. आहारतज्ज्ञ बाईंनी सांगितलं होतं तसंच झालं. मनाला हे ठाऊक असून उपयोग नसतो. लोक इच्छाशक्ती म्हणतात, ध्येय डोळ्यासमोर ठेवा म्हणतात. माझं ध्येय दर मंगळवारी-शुक्रवारी माझ्याच हॉलमध्ये तोंडावर टॉवेल टाकून झोपलेलं असतं. त्याच्याकडे बघून भूक मरते, पण चरबी काही मरत नाही.

एका शुक्रवारी जाताना तो चपला घालता घालता म्हणाला, "आक्का, शनिवारी फोन कर, पण आकडा नको सांगत जाऊ. तुझा आवाज आला की मी आकड्याचीच वाट बघतो. तू काय बोलती ते मला ऐकूच येत नाय." मी हो म्हणाले. मलाही सुटल्यासारखं वाटलं, खोटं कशाला बोलू.

दुसऱ्या दिवशी सकाळी काट्यावर उभी राहिले. पंचाहत्तर आणि वर थोडं, मागच्या शनिवारी होतं तितकंच. फोन लावला. दुकानात गिऱ्हाईक आहे का विचारलं. नाही म्हणाला. माय काय करते? पूजा. तुरीला भाव काय? त्याने सांगितला. तुझ्या शाळेत परीक्षा कधी? मी सांगितलं. मग आम्हा दोघांनाही काही सुचेना. पन्नास वर्षांची बहीण आणि पंचेचाळीसचा भाऊ, आणि बोलायला काही नव्हतं. रस्त्यावरून ट्रॅक्टर गेल्याचा आवाज मला फोनमधून ऐकू आला.

"किती भरलं, आक्का?" त्याने विचारलं.

"तेवढंच आहे."

"बरं," तो म्हणाला. मग थोड्या वेळाने, "तू सावकाश उतर. मी थांबतो की. मला कुठं जायचंय?"

थांबणं त्याच्या हातात नव्हतं. त्याला ते माहीत होतं आणि मलाही. मी बरं म्हणाले, फोन ठेवला आणि बूट घालून मैदानावर चालायला गेले.