तिच्या खांद्यावरची बंदूक

बायकोची खोबरेल तेलाची बाटली अजून फळीवर आहे. तिचं बूच काढलं की मला बंदूक आठवते. आमच्या घरात तेल एकच. तिच्या केसांना तेच आणि माझ्या ठासणीच्या बंदुकीलाही तेच.

ऐंशी-पंच्याऐंशीच्या सुमाराची गोष्ट. भात कापणीला आलेलं आणि एक रानडुक्कर रोज येऊन तुडवून जायचा. भात गेलं तर वर्षभर खायचं काय? एकदा आम्ही दोघं शेतावर राखणीला होतो, तर फटफटताना तो समोरच आला. बार एकच. चुकला तर पुन्हा ठासेपर्यंत तो थांबतोय होय? नळी टेकवायचा बांध पावसात ढासळलेला आणि नुसत्या हातावर नेम धरवेना.

बायको माझ्यापुढे फतकल मारून बसली आणि कुजबुजली, "ठेवा माज्या खांद्यावर."

"कान फुटंल गो तुजा!"

"फुटू दे. तुमची बडबड तरी ऐकायला नको."

नळी ठेवली. तिच्या श्वासाबरोबर ती वर-खाली व्हायला लागली. मी म्हटलं, "श्वास धर." तिने धरला. खांदा जांभ्या दगडासारखा स्थिर झाला. बार झाला, डुक्कर जाग्यावर पडला, आणि ती धुरात खोकत हसत सुटली.

गेल्या साली इस्पितळात मी तिच्या त्याच खांद्यावर हात ठेवून बसलो होतो. खांद्याचं वर-खाली होणं थांबलं. मला वाटलं, धरलाय तिने श्वास, आता सोडेल. डॉक्टर सांगून गेला, तरी मी हात काढला नाही.