निवटी काढली, बगळा पडला

मंडळी, ओहोटी लागली की खाडीच्या चिखलात निवट्या, त्या बोटभर मासळ्या, उड्या मारायच्या. तो चट् चट् आवाज आठवत मी काथ्या, गोणपाट आणि फाटक्या जाळ्यांची निवटी, खेकडा, बगळा केले आणि एकमेकांच्या वजनावर तोलून एकाच बांबूला टांगले. उद्या सोसायटीच्या हॉलमध्ये मुलांना हा तोलच दाखवायचा होता.

आज दुपारी हॉलमध्ये बघतो तर बांबू कलंडलेला, निवटी गायब, बगळा जमिनीवर, मान मोडलेली.

सेक्रेटरी म्हणाले, "काका, ती चिखलातली घाण मीच काढली. डॉल्फिन लावा ना, पोरं खूश होतील."

"आपल्या खाडीत डॉल्फिन कुठून आणू?"

"मग दगड बांधा. बॅलन्स झाल्याशी मतलब."

शाळेत कवितेतला एक शब्द गाळला तरी गुरुजी अख्खी कविता पुन्हा म्हणायला लावायचे. इथे अख्खा जीवच गाळला. दगडाने खाडी तोलते का, तुम्हीच सांगा.

हे टाइप करतोय तोच बेल वाजली. दारात सेक्रेटरींची आई. गुडघेदुखीमुळे त्या कधी जिना चढत नाहीत. पदराखालून त्यांनी निवटी काढली.

"कचऱ्यात व्हती. घ्या. आन् माज्या पोराला सांगू नका, मी दिली म्हनून."