खांद्यावरचा हात
फ्लेक्सच्या शाईचा उग्र वास आला की मला जतमधलं ते दुकान आठवतं. कॉलेजच्या प्रकल्पासाठी आवडता पोस्टरकार निवडायचा होता. वर्गातल्या सगळ्यांनी परदेशी नावं घेतली. मी गावाकडे, जतला, फ्लेक्स करणाऱ्या एका बाईंशेजारी वही घेऊन बसले. तेवढ्यात एक म्हातारा बायकोच्या श्रद्धांजलीच्या फलकासाठी नात्यातल्या कुणाच्या तरी लग्नातला घोळक्याचा फोटो घेऊन आला. तिचा दुसरा फोटोच नव्हता. कॉम्प्युटरवर आजूबाजूची माणसं पुसत बाई तिच्या खांद्यावरच्या हातापाशी आल्या, तसा म्हातारा हळूच म्हणाला, “ताई, त्यो ऱ्हाऊ द्या. लेकीचा हाय. ती बी न्हाई आता.” बाईंनी फोटोतला तो हात तसाच ठेवला, आणि नेहमीची फुलं, दिवे काहीच घातलं नाही. प्रकल्पात मी त्यांचंच नाव लिहिलं. आता मीही पोस्टर करते. फोटोतलं काही पुसण्याआधी घरच्यांना विचारते.