ह्यांचं टेबल

लग्नाला पाच-सहा वर्षं झाल्यावर मी आमच्या ह्यांना पहिल्यांदा पोटभर हसताना ऐकलं. तेव्हा मी एका परमिट रूमच्या दाराशी, पडद्याबाहेर उभी होते.

सासूबाई न्हाणीत घसरून पडल्या होत्या. मनगट सुजून टम्म झालं होतं आणि कन्नडमध्ये त्यांचं एकच चाललं होतं, "यल्ली होग्यान?" कुठं गेलाय म्हणून. आमचं घर लिंगायताचं. सकाळ-संध्याकाळ पूजा, घरात अंड्याचं टरफलसुद्धा कधी आलं नाही. दुकान बंद करून हे रोज कुठं बसतात ते सासूबाईंना माहीत होतं, मलाही माहीत होतं, आणि आम्ही दोघी एकमेकींना 'वसुलीला गेलेत' असं सांगायचो. त्या संध्याकाळी मी शेजारणीला सासूबाईंजवळ बसवलं आणि रिक्षा केली.

सोलापुरात नवी पेठेच्या मागच्या गल्लीत एका लॉजच्या खाली ती परमिट रूम होती. रस्त्यावरून आतलं दिसू नये म्हणून खिडक्यांच्या काचांना हिरवा रंग मारलेला. दारावर जाड पडदा, येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या हातांनी कडेला काळा पडलेला. त्या गल्लीतून जायची वेळ आली तर बायका पलीकडच्या बाजूनं, मान खाली घालून जायच्या. मी डोक्यावरून पदर घेतला आणि पडद्याशी थांबले. आत पाऊल टाकायचं धाडस होईना. तेवढ्यात आतून कुणीतरी म्हणालं, "शेठ, तो पोह्यांचा किस्सा सांगा की! ह्या पाहुण्यांनी ऐकला नाही."

आवाज ओळखीचा होता. ह्यांचे मित्र, पूर्व भागातले यंत्रमागवाले. त्यांच्या घरी तेलुगू बोलत, मागाचे सुटे भाग आमच्याच दुकानातून नेत. आणि मग हे बोलायला लागले. घरात 'हं', 'वाढ', 'दिवा घालव' एवढ्यावर दिवस काढणारा माणूस!

"अक्कलकोटला पोरगी बघायला गेलतो. पोहे घेऊन आली आणि नेमकी उचकी लागली. एका उचकीला बशी हलली, दुसऱ्या उचकीला शेंगदाणे आमच्या मामाच्या धोतरात. सगळे असे गप्प, काही झालंच नाही म्हणून. मी बघितलं तर पोरगी ओठ दाबून हसतीय. खांदे हलतायत! बाहेर आल्यावर आईला म्हणलं, हीच पायजे. आपल्या घरात हसायला कोण नाही."

टेबलावर थाप पडली, चार-पाच जण एकदम हसले, आणि त्या सगळ्यांच्या वर ह्यांचं हसणं, खालच्या आवाजात सुरू होऊन वर चढत गेलेलं.

खरं तर मला आनंद व्हायला हवा होता. पण माझ्या छातीत आग पेटली. ती उचकी माझी, ते हसणं माझं, आणि मी त्यांना का आवडले ही गोष्टसुद्धा माझीच. ती मला कधी सांगितली नव्हती. ह्या माणसांनी मात्र ती इतक्या वेळा ऐकली होती की फर्माईश करून मागत होते.

वेटरनं पडदा सारला आणि मला बघून आत ओरडला, "शेठ, घरून आल्यात!" हे बाहेर आले तेव्हा चेहरा घरचा झाला होता. रिक्षात एकच विचारलं, "डॉक्टरला बोलावलं का?"

पुढं कितीतरी वर्षं मी त्या टेबलाचा दुस्वास केला. दारूचा तेवढा नव्हता; हे बेतानं घ्यायचे, घरी कधी आवाज चढला नाही, हात उगारला नाही. शेजारपाजारच्या बायका म्हणायच्या, तुझं नशीब चांगलं. त्यांना काय सांगणार? दुसरी बाई असती तर भांडता तरी आलं असतं. टेबलाशी कसं भांडायचं? हे कपडे बदलायला लागले की मी मुद्दाम काहीतरी काम काढायची. गिरणीत जा, गॅसचा नंबर लावा. ते मुकाट्यानं करायचे आणि मग जायचेच.

मग गावातले बार बदलायला लागले. हिरव्या काचा गेल्या. 'फॅमिली रेस्टॉरंट अँड बार' अशा पाट्या आल्या, एसी आले, आणि प्लायवुडची पार्टिशनं घालून बायका-पोरांसाठी वेगळी खोली झाली. ह्यांच्या परमिट रूमनंही तेच केलं. मी एकदा हट्टच धरला. "मलाही न्या. आता फॅमिली चालते म्हणे."

हे 'बरं' म्हणाले. मी इरकल नेसले. फॅमिली खोलीत निळसर दिवा होता, कोपऱ्यात प्लॅस्टिकची वेल, शेजारच्या टेबलावर एक जोडपं पोराला पनीर भरवत होतं. आमच्यासमोर मसाला पापड आला. मी बोलायला बघितलं, "छान आहे की." हे म्हणाले, "हं." आणि त्याच वेळी पार्टिशनच्या पलीकडं हशा उठला. ह्यांचेच मित्र. ह्यांची मान आपोआप तिकडं वळली. थोड्या वेळानं म्हणाले, "जरा आलो." जेवण येऊन निवलं तरी हे आले नाहीत. एका प्लायच्या अंतरावर नवरा हसत होता आणि मी एकटी रोटी तोडत होते. त्यानंतर मी पुन्हा कधी 'न्या' म्हणाले नाही.

सासूबाई गेल्या. यंत्रमागवाले माग विकून मुलाकडं हैदराबादला गेले. ह्यांची शुगर वाढली, डॉक्टरांनी दम दिला, आणि परमिट रूमच्या जागी मोबाइलचं दुकान झालं. मला वाटलं, सुटले. आता हा माणूस माझ्या वाट्याला येईल. हे आले, पण मुकेच. व्हरांड्यात खुर्ची टाकून रस्ता बघत बसायचे.

मुलाचं लग्न झालं. सून टेंभुर्णीची. तिच्या माहेरचं हमरस्त्याला ढाबावजा हॉटेल, त्यामुळं माणसांची सवय आणि बोलायला मोकळी. लॅपटॉपवर नोकरी करते, शनिवार-रविवार सुट्टी. विजापूर रोडला नवीन पब निघालाय, इमारतीच्या माथ्यावर. तिथं ती आणि मुलगा जायला लागले. मला पब म्हणजे काय तेच कळेना. "अहो आई, बारच. फक्त उजेडात," ती म्हणाली. एका शनिवारी मुलगा पुण्याला गेला होता, तर ही ह्यांना म्हणाली, "बाबा, चला की. लिंबू सोडा घ्या तुम्ही."

आणि हे निघाले! पायात बूट घालून.

मग ते दर शनिवारचंच झालं. मुलगा असो नसो, हे आधीच तयार. एकदा परत आल्यावर सून स्वयंपाकघरात मला म्हणाली, "आई, बाबा लहानपणी दोन वर्षं केमला मावशीकडं होते ना? घर स्टेशनजवळ, गाडी आली की पळत जायचे म्हणे, आई न्यायला आली असेल म्हणून. ऐकून लई वाईट वाटलं मला."

मी पोळपाटावरनं हात उचलला नाही. मला हे केमचं काहीच माहीत नव्हतं. एवढं माहीत होतं की रेल्वेची शिट्टी ऐकू आली की हा माणूस हातातलं काम थांबवतो. का ते मी विचारलं होतं, सुरुवातीला. "काही नाही," म्हणाले होते.

"घरात काय तोंड शिवलंय का त्यांचं?" मी म्हणाले. "माझ्यासमोर बोलायला काय होतं?"

त्या आठवड्यात मी तिच्याशी नीट वागले नाही. तिची भाजी अळणी म्हटली, तिच्या जीन्सबद्दल टोचून बोलले. ती पोरगी समजून होती सगळं. शनिवारी म्हणाली, "आई, आज तुम्ही पण. मी ऐकणार नाही."

लिफ्टनं वर गेलो. पडदा नाही, पार्टिशन नाही. काचेतून अर्धं सोलापूर दिसत होतं, सिद्धेश्वराच्या तळ्यापर्यंत. कानात दणदणणारं गाणं, खाण्याची यादी मोबाइलवर. मका चिप्सबरोबर आपली शेंगा चटणी, इवल्याशा वाटीत, तेल घालून! पलीकडं चार पोरी बसल्या होत्या, सोबत पुरुष नाही. ग्लास समोर, पाय खुर्चीवर घेतलेले, खिदळत होत्या. बाहेर कुणाला कळेल याची भीती नाही, घरी कोण वाट बघतंय याची घाई नाही. मी त्यांच्याकडं बघतच राहिले.

सून बोलत होती तोवर ठीक चाललं. तिला फोन आला, ती गच्चीत गेली, आणि हे लगेच गप्प. ग्लासातल्या बर्फाकडं बघत बसले. मला राहवलं नाही.

"मी समोर आले की तुमचं तोंड का बंद होतं?"

हे दचकले. मग म्हणाले, "समोर कोण निवांत बसून ऐकलं की बोलावं वाटतं. तू कधी बसलीस? मी बोलायला लागलो की तू भांडी आवरायचीस, भाजी निवडायचीस. 'ऐकतीय, बोला' म्हणायचीस, पाठ करून."

"बसायला कोण देत होतं मला?" माझा आवाज चढला. पोरींनी वळून बघितलं. "तुम्हाला टेबलावर आणून द्यायला वेटर होता. तुम्ही उठलात की ते टेबल दुसरं माणूस पुसायचं. माझं कुणी पुसत होतं का? तुमच्या आईचं पथ्य, पोराचा डबा, सकाळची तयारी. मी बसले असते तर तुमच्या घरात चूल पेटली असती का?"

ह्यांनी ग्लास बाजूला सारला. मग हळू म्हणाले, "व्हय. ते पण खरंच हाय."

एवढंच. माफी नाही, काही नाही. मलाही काही हलकं वाटलं नाही. सून परत आली तेव्हा आम्ही दोघं चिप्स खात होतो.

पण नंतर मला ती जागा सोडवेना. आमचा पाच बायकांचा संध्याकाळी फिरायचा गट आहे, त्यात एक माळशिरसची, आयुष्यभर शेतात राबलेली. तिला म्हणाले, "येतीस का वर?" ती म्हणाली, "जाऊ की. तितं काय खातेत का आपल्याला?" पाचही जणी गेलो. पहिल्यांदा वेटरनं विचारलं, "साहेब येतायत का मागनं?" माळशिरसकरीण म्हणाली, "न्हाय. साहेब घरी भात टाकतेत."

आता महिन्यातनं एकदा तरी जातो. लिंबू सोडा, पापड, आणि बोलणं. आम्ही एकमेकींना काय काय सांगितलंय ते इथं लिहिणार नाही. घरी आल्यावर हे विचारतात, "काय बोललात एवढा वेळ?" मी म्हणते, "काही नाही. असंच." ह्यांचा चेहरा पडतो. परवा तर दोनदा फोन केला, कधी येणार म्हणून.

"बसलोय अजून," मी म्हणाले.

फोन पर्समध्ये टाकला आणि बाजूच्या टेबलाकडं लक्ष गेलं. विशीतल्या दोघी. एक सांगत होती, दुसरी हनुवटी तळहातावर टेकून ऐकत होती, मधे मधे 'मग?' एवढंच म्हणत. मला त्यांचा इतका हेवा वाटला की मी खुर्ची फिरवून घेतली आणि माळशिरसकरणीला म्हणाले, "हं, पुढं काय झालं ते सांग."