जमिनीची परवानगी

ती केस आठवली की आजही मला एकट्याला हसू फुटतं, आणि बायको आतून विचारते, "जुरोंगच्या काकू आठवल्या वाटतं?"

मी तेव्हा जुरोंग ईस्ट भागातल्या ठाण्यात तपास अधिकारी होतो. वडील बँकेच्या नोकरीसाठी पुण्याहून सिंगापूरला आले, मी इथेच शिकलो आणि इथेच अंगावर वर्दी चढवली. मराठी घरापुरती, ठाण्यात तिचा उपयोग शून्य. निदान त्या दिवसापर्यंत मला तसंच वाटत होतं.

सकाळचं ब्रीफिंग संपतंय तोच फोन आला. आमच्या हद्दीत नव्या अतिउच्चदाब वीजवाहिनीचं काम सुरू होणार होतं. इथे अशी वाहिनी मनोऱ्यांवरून नाही, जमिनीखालून जाते. शेजारून जुनी केबल गेलेली, आणि तिच्यात वीज चालू. म्हणून खणण्याआधी एक माणूस मशीन फिरवून जमीन तपासतो. खाली धातू असला की मशीन ओरडतं. आठवड्यापूर्वी गप्प असलेलं मशीन आज एका झाडापाशी कोकलत होतं. म्हणजे मधल्या दिवसांत कुणीतरी तिथे काहीतरी पुरलं होतं. वीजवाहिनीच्या वाटेवर! आम्ही जागा बंद केली, काम थांबवलं आणि स्फोटकांच्या पथकाला कळवलं.

साइटचा इंजिनिअर पुण्यात नोकरी करून इथे आलेला, पस्तिशीतला. घामाघूम झाला होता बिचारा. केबलजवळ विनापरवाना खोदणं हा इथे गंभीर गुन्हा. तो त्याच्या माथी आला असता तर नोकरी गेली असती, नोकरीबरोबर एम्प्लॉयमेंट पास, म्हणजे इथे राहायचा परवाना, आणि बायको-मुलीसकट गाशा गुंडाळायची वेळ.

खबर मिळाली ती समोरच्या ब्लॉकखाली कॉफी पीत बसलेल्या चिनी अंकलकडून. "काल सकाळी एक इंडियन आंटी बसली होती तिथे. साडी, स्पोर्ट्स शूज. प्रे करत होती लाह." वाक्याला शेवटी "लाह" जोडायची ही इथली लकब.

"मग कळवलं का नाही?"

"आमच्या चिनी पंचांगाचा सेव्हन्थ मंथ चालू आहे. आम्ही सगळेच पितरांसाठी रस्त्याकडेला प्रे करतो. त्यात कळवायचं काय?"

साडीवर स्पोर्ट्स शूज ऐकताच इंजिनिअरचा चेहरा खर्रकन उतरला. मी त्याला साइट ऑफिसात नेलं आणि मराठीत विचारलं, "घरी कोण कोण असतं?"

तो दचकलाच. "बायको, मुलगी... आई आलीये सांगलीहून." आणि लगेच, "सर, ते मीच पुरलंय."

"काय पुरलंय?"

"नारळ."

"अहो, नारळाला मशीन ओरडत नाही!"

त्याने डोक्याला हात लावला.

त्याचा फ्लॅट जवळच होता. दार काकूंनीच उघडलं. मी मराठी म्हटल्यावर माझीच चौकशी सुरू झाली. गाव कुठलं, मुलं किती, चहात साखर किती. इंजिनिअर भिंतीला टेकून उभा. थेट विचारलं असतं तर मुलाच्या काळजीनं त्यांनी तोंडाला कुलूप लावलं असतं. म्हणून मी चहाचा घोट घेत सहज म्हटलं, "भूमिपूजनात असतं काय हो काकू? एक नारळ फोडायचा, दोन उदबत्त्या, झालं!"

"अहो, असं कसं झालं? तांब्याचा कलश पुरावा लागतो! त्यात सुपारी, हळकुंड, चांदीचा नाग..." आणि जीभ चावून थांबल्या.

"खणलंत कशाने?"

"कालथ्याने," त्या बारीक आवाजात म्हणाल्या. "वीतभरच."

"आई, अगं!" इंजिनिअर ओरडला.

"ओरडू नकोस. तुझे बाबा लाइनमन होते. खांबाला हात जोडल्याशिवाय कधी वर चढले नाहीत, आणि रोज धडधाकट घरी आले. तू तर त्याहून मोठ्या विजेत हात घालणार. सरकारच्या सगळ्या परवानग्या घेतल्या म्हणालास. जमिनीची कोणी घेतली?"

मी वहीत "कलश, कालथा, वीतभर" एवढं लिहून घेतलं आणि पथकाला फोन लावला.

पथकाने खात्री करून कलश वर काढला. प्रकल्पप्रमुख एक चिनी बाई, कडक, सगळे तिला टरकून असत. चांदीचा नाग हातात घेऊन तिने उलटसुलट करून पाहिला. इंजिनिअर फाशीच्या कैद्यासारखा उभा. बाई म्हणाली, "कामाआधी आम्हीही प्रार्थना केली होती. अगरबत्ती, संत्री, सगळं. पण परमिट घेऊन. आई इथेच होती, तर तिला का नाही आणलंस?" मला इतकं हायसं वाटलं म्हणून सांगू!

केबलला धक्का लागला नव्हता, म्हणून वरिष्ठांना विचारून काकूंना मी रीतसर लेखी ताकीद दिली आणि ती मराठीत वाचून दाखवली. त्यांनी ती मान खाली घालून ऐकली आणि चकल्यांचा डबा पुढे केला. तो मी जड अंतःकरणाने परत केला. नियम म्हणजे नियम.

काही दिवसांनी परमिट घेऊन पुन्हा पूजा झाली, चिनी अगरबत्तीशेजारी आपली उदबत्ती. काकूंनी या खेपेला मातीचं सुगड आणलं होतं, आत फक्त सुपारी आणि हळकुंड. "याला तुमचं मशीन ओरडायचं नाही," त्या म्हणाल्या. मशीन फिरलं. गप्प! सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, वर्दीत असूनही मीसुद्धा.

या केसने मला एक शिकवलं. खरं काढायला दरवेळी धाक लागत नाही. माणसाच्या जिव्हाळ्याच्या गोष्टीबद्दल चुकीचं बोला, तो दुरुस्त केल्याशिवाय राहत नाही.

इंजिनिअर आता पुढच्या टप्प्यावर आहे. खणायच्या दिवशी सगळी परमिटं तपासून झाली की तो सांगलीला फोन लावतो. "आई, करू का सुरू?" पलीकडून "कर रे बाळा" आलं, की मगच काम सुरू होतं.