दारूच्या हातचं दूध

मी काटेवाडी सोडली त्या दिवशी जीप आमच्या घरापुढे नव्हती, गावच्या दूध डेरीपुढे उभी होती. सकाळचं दूध घालायला आलेल्या माणसांची रांग संपल्याशिवाय आबा जागचे हलणार नव्हते, मग पोरगी आयर्लंडला चाललेली असो नाहीतर आणखी कुठे. आबा म्हणजे माझे वडील. डेरीवर दूध मापायचं आणि त्यात फॅट किती ते तपासायचं काम त्यांनी तीस वर्षं केलं. शेवटची किटली ओतून घेतल्यावर ते टॉवेलला हात पुसत जीपजवळ आले आणि म्हणाले, "दुधाच्याच कामाला चाललीयस, ते बेस झालं. दुधाला खोट लागू देऊ नगं." रांगेतली एक म्हातारी रडली. आबा रडले नाहीत, आणि मला त्याचा रागच आला.

गावी राहिलेल्यांनो, आणि माझ्यासारखं बाहेर पडलेल्यांनो, तुम्हाला हे सांगायला मला एकोणीस वर्षं लागली. आता फार दमले आहे, म्हणून सांगून टाकते.

आबांचा एक नियम होता. दारूच्या हातचं दूध घ्यायचं नाही. रांगेतल्या एखाद्याचा संशय आला की ते म्हणायचे, "हात दाखव." हात हुंगायचे, वास आला की किटली परत. मग तो गडी मुकाट घरी जायचा आणि तीच किटली घेऊन त्याची बायको यायची. आबा तिचं दूध घ्यायचे. दूध तेच, मग फरक काय पडतो, असं मी एकदा विचारलं होतं. "दुधाला काय बी पडत न्हाय," ते म्हणाले, "मान्साला पडतो."

तेव्हा आमच्याकडे समारंभाचं पिणं म्हणजे बर्फाची लादी टाकून पिंपात केलेलं केशरी सरबत. ते प्यायलं की पोरांच्या जिभा दुसऱ्या दिवशीपर्यंत केशरी. कोजागिरीला मसाला दूध, बाजारच्या दिवशी बारामतीत गोटी सोडा. पुढे लग्नात थंड पेयांचे क्रेट आले, पण ते मानाच्या पाहुण्यांपुरते, आणि बाटली परत द्यायची. पुरुषांची ओली पार्टी वेगळी, विहिरीच्या पलीकडे. ती सगळ्यांना ठाऊक आणि कुणीच न पाहिलेली. मग उसाला बरे दिवस आले आणि ती पार्टी इंदापूरकडच्या हायवेवरच्या ढाब्यांवर गेली. आता ती लॉनवर आली आहे, दिव्यांच्या माळांखाली, आणि तिला कॉकटेल म्हणतात. एवढा प्रवास एका आयुष्यात झाला, याचं मला अजून नवल वाटतं.

आयर्लंडमध्ये मी आधी लोण्याच्या फॅक्टरीत होते. सात वर्षांनी ती बंद झाली आणि जवळच्याच दुसऱ्या फॅक्टरीत जागा मिळाली. तिथेही मलईच यायची, टँकरच्या टँकर, पण ती व्हिस्कीत जायची. या दारूला क्रीम लिकर म्हणतात. रंग आपल्या कॉफीसारखा, चव गोड, आणि घशाखाली उतरल्यावर कळतं की ही दारू आहे. पन्नासेक वर्षांपूर्वी तिथे मलईही उदंड होती आणि दारूही, तेव्हा कुणाच्या तरी डोक्यात आलं की दोन्ही एका बाटलीत भरावं. आमच्या बारामतीतही दूध उदंड आणि उसाच्या मळीपासून होणारी दारूही उदंड, पण दोन्ही एका भांड्यात आणायची छाती कुणाची झाली नसती.

फोनवर मी एवढंच म्हणाले की फॅक्टरी बदलली. आईला मात्र खरं सांगितलं. ती म्हणाली, "आबास्नी नगं सांगू. दुधाचंच काम हाय न्हवं, मग झालं." झालं म्हणता म्हणता बारा वर्षं झाली. माझं काम क्वालिटीचं. रोज सकाळी उपाशीपोटी सहा बॅचची चव घ्यायची आणि थुंकायची. घरी जाताना कितीही साबण लावला तरी हाताला वास राहतोच.

त्या बारा वर्षांत तिथलं पिणंही कुठल्या कुठे गेलं. मी गेले तेव्हा हे म्हाताऱ्या बायकांचं, नाताळात बर्फावर ओतून घ्यायचं पेय होतं. न पिणाऱ्यांची दारू, असं हसून म्हणत. मग पोरांनी ते इवल्या ग्लासांत थरांवर थर रचून एका दमात गिळायला सुरुवात केली. मग कॉफीत घालायची लाट आली, मग खारं कॅरॅमल, मग स्ट्रॉबेरी. दर लाटेला नवी बाटली, नवं ट्रेनिंग, नव्या शिफ्ट. आता लोकांना मलईच नको आहे. मी आपली चव घेते आणि थुंकते.

गेल्या हिवाळ्यात माझ्या भाचीचं, म्हणजे ताईच्या रूपालीचं लग्न झालं. सासरची माणसं बावड्याची. हळदीच्या संध्याकाळी बारामतीतल्या एका लॉनवर त्यांनी कॉकटेलचा काउंटर मांडला होता. त्यावर लांबूनच मला आमची बाटली दिसली, आमच्याच लाइनवरची. वळून पाहते तर कुणा हौशी पाहुण्याने थंड कॉफी म्हणून आबांच्या हातात त्याच दारूचा ग्लास दिला होता.

मी धावत पोचले. आबांनी घोट घेतला नव्हता. ग्लास नाकाशी धरून ते डोळे मिटून उभे होते, डेरीवर कॅनचं झाकण काढल्यावर राहायचे तसे.

"दूध खरं हाय," ते म्हणाले. "पन ह्यात दारू हाय. नंदे, दारूत दूध नासाया पायजे. हे नासलं कसं न्हाय?"

मला माहीत नाही म्हणता आलं असतं. पण तीस वर्षं दूध पारखलेल्या माणसाने दुधाचा प्रश्न विचारला होता. मी सांगितलं, की मलई प्रचंड दाबाखाली फोडतात, इतकी बारीक की तिचे कण पुन्हा एकमेकांना चिकटत नाहीत. मग ती दारूत दोन वर्षंसुद्धा टिकते.

"तुला कसं ठावं?"

"मीच करते, आबा. लोण्याची फॅक्टरी कधीच बंद झाली. बारा वर्षं मी हेच करते."

त्यांनी ग्लास टेबलावर ठेवला. "मग ह्याचं लोणी निघायचं न्हाय."

"नाही."

"कितीबी घुसळलं तरी?"

"कितीही."

त्यांनी मान हलवली आणि ते रूपालीला हळद लावायला गेले. परतीच्या गाडीत मी आईचा हात धरून बसले होते, आणि मला लहान मुलीसारखी भीती वाटत होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी सगळे लग्नाच्या गडबडीत, म्हणून गाईची धार मी काढली. गाय दोनदा बिचकली, मग तिने पान्हा सोडला. किटली भरून डेरीवर गेले तर मापायला आबाच बसलेले. हल्ली तिथे असतो तो गडी आमच्याच मांडवात राबत होता, म्हणून आबा त्या दिवसापुरते आपल्या जुन्या स्टुलावर. परत फिरावंसं वाटलं. आईला पाठवावं, असंही मनात आलं. शेवटी रांगेत उभी राहिले.

माझी पाळी आली. आबांनी वर पाहिलं.

"हात दाखव."

हा नियम रांगेत अजून सगळ्यांच्या लक्षात होता. मी हात पुढे केला. आबांनी तो हुंगला, मग दोन्ही हातांत धरून ठेवला, बराच वेळ. वास त्यांना आला असणारच.

"ओत," ते म्हणाले. "मागं लोकं खोळंबलीत."

आयर्लंडला परत येऊन आता चार महिने झाले. पुढच्या महिन्यापासून आमची लाइन ओटच्या दुधावर जाणार आहे. परवा फोनवर आबांना सांगितलं. आता त्यांना सगळंच सांगते.

"ओट म्हंजी काय?"

"एक धान्य असतं, आबा. ते भिजवून, वाटून."

"म्हंजी गाय न्हाय त्यात?"

"नाही."

"मग तितं तुझं काय काम हाय? ये घरी."

इतकी वर्षं ते असं म्हणाले की मी 'येते' म्हणायचे. या वेळी म्हणाले, "आता नाही जमायचं, आबा."

"ठावं हाय," आबा म्हणाले. "मी आपलं 'ये' म्हनून ठेवतो."

त्यांनी 'ये' म्हणून ठेवलंय, तेवढ्यावर माझं चाललंय.